रचलेली रुपाली

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका वाचनालयाच्या वर लांबट खोली आहे. तिथे दर बुधवारी दुपारी सारिका गराडे पटकथा शिकवते. बुधवारीच का, तर शनिवार-रविवार इथला प्रत्येक माणूस पर्यटकांच्या दिमतीला असतो. कोणी गाडी चालवतं, कोणी चिक्की तोलतं, कोणी बंगल्यातल्या चादरी बदलतं. बुधवार तेवढा आपला असतो.

सारिका जवळच्याच औंढ्याची. वडील नथू गराडे, भाताची खाचरं आणि दोन म्हशी. पोरीनं पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग मुंबईला जाऊन मालिकांचे संवाद लिहिले. रडणाऱ्या सुना, कट करणाऱ्या नणंदा, सगळं हुकमी. वडिलांची डावी बाजू गेली तेव्हा ती परत आली ती आलीच. गावातले म्हातारे पाराजवळ तिला थांबवून विचारायचे.

"मंग आता काय करती तू?"

"लिहायला शिकवते, आबा."

"पोरं कितवीतली?"

"पोरं नाहीत. मोठी माणसं आहेत."

"आरं द्येवा. मोठी झाली तरी लिवता येईना व्हय त्यांना?"

ती हसून पुढे जायची. तिच्या शिकवण्यात लिहिणं खरोखर उशिरा यायचं. पहिल्या दिवशी पेन बाहेर काढायला बंदी. फळ्यावर ती एक डोकं काढायची आणि म्हणायची, "गोष्ट हितं अडते. हातात नाही अडत. तुम्ही एक वाक्य लिहिता आणि आतून कोणीतरी लगेच म्हणतं, हे काय लिहिलंस? लोक काय म्हणतील? तुला अक्कल आहे का? ही बाई कोण?"

"सासू," मागच्या रांगेतून आवाज आला.

वर्ग फुटला. बोलणारी होती प्रेरणा, कुरवंड्याची सून. कड्याच्या पॉइंटवर तिची मक्याची टपरी होती. त्या दिवसापासून मनातल्या त्या टीकाकाराला वर्गात 'सासू' हेच नाव पडलं.

"सासूला मारायचं नाही," सारिका म्हणाली. "खाडाखोड करायला तीच लागते. पण लिहिताना तिला उंबऱ्याबाहेर बसवायचं."

"आणि ज्याला सासूच नाही त्यानं?" रेल्वेतून रिटायर झालेले निवृत्तीकाका म्हणाले.

"काकू आहेत ना घरी?"

"आहेत."

"मग तुमचं काम भागलेलं आहे, काका."

असं चालायचं. काही सुचत नसेल तर ती विरजणाचं सांगायची. प्रश्न मनात टाका आणि भांडं झाका, सारखं झाकण काढून बघितलं तर दही लागत नाही. आणि सगळ्यात शेवटी यायची ती लाल प्लास्टिकची खुर्ची. तिच्यावर बसलं की आपण आपण राहायचं नाही, आपलं पात्र व्हायचं. बाकीच्यांनी विचारायचं, पात्रानं उत्तर द्यायचं. सारिकाचा एक नियम मात्र कडक होता. खुर्चीवरून उठलेल्या माणसाला 'हे कुठून आलं' असं खोदून विचारायचं नाही. मुळं उकरली की रोप मरतं, असं ती म्हणायची.

प्रेरणा मूळची कान्ह्याची, बारावी झालेली. नवरा अमृत पर्यटकांची जीप चालवायचा. टपरी आधी दोघी जावांची होती. थोरली जाऊ रुपाली दोन वर्षांपूर्वी कड्यावरून पडून गेली. सेल्फी काढताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण पॉइंटवर अधूनमधून कोणीतरी तसं जातंच. मागे राहिली तिची मुलगी स्वरा. ती आता पहिलीत होती आणि प्रेरणालाच आई म्हणायची.

प्रेरणाची पटकथा मका भाजणाऱ्या एका बाईची होती. बाईचं नाव मंदा. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी खुर्चीची पाळी तिची आली. ती बसली, पदर सावरला, पुन्हा सावरला.

"नाव काय?" सारिकानं विचारलं.

"मंदा."

"काय करतेस, मंदा?"

"मका भाजती." वर्ग हसला, ती पण हसली. "बाई, मला न्हाई जमायचं. सासू आत आली."

"तिला बाहेर काढ. डोळे मीट. वाक्यं शोधू नकोस. मंदाला अंगात येऊ दे, अडवू नकोस."

हे सारिकाचं नेहमीचं बोलणं. नाटकवाल्यांकडून उचललेलं, शंभरदा वापरून गुळगुळीत झालेलं. त्या खोलीत एक बाई होती जिच्यासाठी ते गुळगुळीत नव्हतं. शालूबाई. वाचनालयाचा केरवारा करायची आणि काम झालं की दाराशी बसून ऐकायची. तीही कुरवंड्याचीच. 'अंगात येऊ दे' हे शब्द ऐकले तशी ती सावरून बसली.

प्रेरणाचा श्वास संथ झाला. मान थोडी कलली.

"कुठे आहेस, मंदा?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"कड्याच्या खाली."

"कशी गेलीस?"

"लोकं म्हंत्यात सेल्फी काढाय गेली." आवाज तिचा नव्हता, जरा घोगरा, शब्दांच्या मधे थांबणारा. "सेल्फी काढताना मरत्यात ती पुन्या-मुंबईची मान्सं. आमाला त्या कड्याचा फोटू कशाला पायजे? आमी रोज त्येच्याकडं पाठ करून मका भाजतो. आन् फोन? फोन घरी व्हता. फळीवर, चार्जिंगला. कुनी इचारलं न्हाई, बया फोन घरी ठिवून सेल्फी कशी काढाय गेली."

मग निवृत्तीकाकांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. शालूबाईनं नाही. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि हात जोडले होते.

"प्रेरणा," सारिका म्हणाली, "मुंबईत सहा वर्षं लिहूनही मला हे वाक्य सुचलं नसतं. फोन घरी ठेवून सेल्फी. हे आलं कुठून?"

"सुचलं, बाई," प्रेरणा म्हणाली आणि खाली बघून चप्पल घालायला लागली.

सारिकाला उशिरा स्वतःचा नियम आठवला. पुढे काही विचारलं नाही.

शालूबाईनं ते त्याच संध्याकाळी गावात नेलं. मंदा हे नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं. प्रेरणाच्या घरी पोचलं ते एवढंच: लोणावळ्याला एक बाई आहे, तिनं शब्द टाकला आणि रुपाली प्रेरणाच्या अंगात आली. आली आणि बोलली.

पुढच्या बुधवारी प्रेरणा नवीन साडीत आली. चेहऱ्यावर तकाकी होती.

"काय विशेष?" निवृत्तीकाकांनी विचारलं.

"घरी लय लाड चाललेत, काका. पहिलं ताट मला. आत्या, म्हंजी माझी खरी सासू, म्हंत्यात, तू बस, भांडी मी घासते. मालक तर खाटंवर जागा सोडून खाली झोपतो."

"असं काय केलंस?"

"मी कुटं काय केलं?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वर आली ती तिची सासू नंदाबाई, हातात पिशवी, आणि मागे थोरला दीर कैलास, रुपालीचा नवरा. उंच, सावकाश बोलणारा माणूस. चप्पल दाराबाहेर काढून दोघं आत आले. प्रेरणाचं हसू गेलं.

नंदाबाईनं पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले आणि थेट सारिकासमोर वाकली.

"अहो, हे काय करताय? उठा आधी."

"बाई, तुमी तिला आनली. आता तुमीच इचारा, तिला काय पायजे. साडी पायजे, बकरं पायजे, काय म्हनंल ते दिऊ. पन घरात वावरती ती, झोप न्हाई कुनाला. ह्यो तर," तिनं कैलासकडे हात केला, "टपरीवर जाऊन झोपतो. घरात पाऊल टाकत न्हाई."

कैलास लाल खुर्चीकडे बघत होता.

सारिकाला आधी हसू आलं, मग राग आला. एम.ए.चा राग, मालिकांत उतारेच्या उतारे लिहून ज्यांच्याखाली दुसऱ्याचं नाव बघितलं त्या वर्षांचा राग. एका बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यातून काही काढलं, आणि त्याचंही श्रेय भूत घेऊन चाललं होतं.

"मावशी, ऐका. कोणीही आलं नव्हतं. इथे भूतबीत काही नसतं. माणसाच्या मनात पाहिलेलं, ऐकलेलं साठून राहतं आणि वाट मिळाली की त्याचं काहीतरी नवीन होऊन बाहेर पडतं. शास्त्र आहे हे."

"पन आवाज बदल्ला व्हता म्हनं."

"तो तिनं बदलला. तिची कला आहे ती."

तिनं प्रेरणाकडे बघितलं. प्रेरणा भिंतीला टेकून उभी होती आणि मान हलवत होती, नाही, नाही. सारिकाला वाटलं, लाजतेय.

"लाजू नकोस गं," ती म्हणाली. "मावशी, तुमची सून हुशार आहे. ते सगळं, अगदी एकेक वाक्य, तिनं स्वतः रचलंय."

"रचलंय?" कैलास पहिल्यांदाच बोलला.

"हो. तिनंच रचलंय."

ज्या शब्दानं अभंग होतो त्याच शब्दानं खोटी साक्षही होते. सारिकाला त्यातला पहिला अर्थ ऐकू येत होता.

"फोनचं पन?" कैलासनं विचारलं.

"फोनचं पण. उलट तेच तर सगळ्यात सुंदर आहे."

कैलासनं मान डोलावली. नंदाबाईनं नारळ हळूच उचलून पिशवीत परत ठेवला.

"बरं झालं, ताई," कैलास म्हणाला. "सांगितलंत ते लय बरं झालं. चल प्रेरणा, घरी."

"माझा वर्ग हाये, दादा."

"चल म्हनलं."

जिना उतरताना प्रेरणानं एकदा वळून बघितलं. वर्ग पुढे चालू राहिला. त्या दिवशी सारिकानं निर्मितीच्या भीतीबद्दल शिकवलं.

पुढच्या बुधवारी प्रेरणा आली नाही. फोन बंद. वर्ग सुटल्यावर सारिका शालूबाईला गाठायला गेली तर ती पायऱ्या पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"शालूबाई, प्रेरणा बरी आहे ना?"

"हात मोडलाय. पायरीवरून पडली."

"पडली?"

"त्या घरातल्या बाया पडत्यातच, बाई. एक कड्यावरनं पडली, एक पायरीवरनं पडली." तिनं फडकं बादलीत आपटलं. "तुमाला कुनी सांगितलं व्हतं बोलाय? भूत व्हतं तवर बरी व्हती की ती! आठ दिस कुनी बोट लावलं न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमाला काय जातंय खरं बोलाय."

"पण खरं म्हणजे... शालूबाई, फोन खरंच घरी होता?"

शालूबाईनं फडकं पिळलं आणि पुन्हा पायरीवर टाकलं.

"सकाळी भांडान झालं ते मी ऐकलं. ती रडत पॉइंटवर गेली, मागून कैलास गेला. फोन मी न्हाई बघितला. प्रेरणानं बघितला असंल, ती त्याच घरात व्हती. गावात समद्यांना वाटतं. म्हनत कुनी न्हाई."

"मग पोलिसांत का नाही..."

"कोन म्हनलं म्हनून सांगायचं? मेलेली बाई म्हनली? ती म्हनली तर पोलीस लिहून घेत न्हाईत, आन् जिती म्हनली तर ती पन पायरीवरनं पडती."

सारिका तिथेच पायरीवर बसली. दोन वर्षं एका बाईनं एक गोष्ट जिभेखाली धरून ठेवली होती. ती बोलायला तिला एक आडोसा हवा होता, मंदाचा. तो मिळाला. मग गावानं त्याच्यावर दुसरा, त्याहून पक्का आडोसा घातला, भुताचा. आणि मानसशास्त्र शिकलेल्या बाईनं दोन्ही काढून टाकले, कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्कूटर काढून कुरवंड्याला गेली. मनाशी ठरवलं होतं, हिला उचलायची आणि औंढ्याला आपल्या घरी न्यायची. पुढचं पुढे.

नंदाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पाणीही विचारलं नाही, पण अडवलंही नाही. प्रेरणा स्वयंपाकघरात एका हातानं पीठ मळत होती. दुसरा हात गळ्यात बांधलेला. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता.

"चल," सारिका म्हणाली. "कपडे घेऊ नकोस. आहेस तशी चल."

"हळू बोला, बाई."

"अमृत कुठाय?"

"गाडीवर. त्यो बघितलं न बघितल्यासारखं करतो. त्याचा सोभावच त्यो." ती पीठ मळतच होती. "मी आले तर स्वराचं काय?"

"तिलाही घेऊ."

"त्याची पोरगी हाये. तो आनायला येनार तुमच्या दारात, चार मान्सं घिऊन. तुमचे वडील एका कुशीवर पडून. काय करनार तुमी? त्याला शास्त्र सांगनार?"

सारिकानं दाराकडे बघितलं.

"म्या सांगितलं व्हतं मान हलवून," प्रेरणा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "पन येक सांगू का बाई? तुमी 'तिनं रचलं' म्हनलात ना, सगळ्यांपुढं... तवा भ्या वाटलं आन् त्याच वक्ताला लय बरं बी वाटलं. कुनी असं म्हनलंच न्हाई आजवर."

बाहेर मोटारसायकल थांबली. नंदाबाईचा आवाज आला, "आरं, ती मास्तरीन आलीया." कैलास दारात उभा राहिला.

"काय ताई? नवा शिनेमा रचताय दोघी?"

"मी हिला डॉक्टरकडे न्यायला आलेय."

"हात बांधलाय की डाक्टरनं. तोंड बांधायचं ऱ्हायलंय." तो आत आला आणि त्यानं प्रेरणाचा बांधलेला हातच धरला. "बोल. ताईंच्या देखत बोल. काय काय रचलंस अजून?"

प्रेरणा ओरडली नाही. तिनं नाकानं लांब श्वास घेतला आणि तोंडानं सोडला. पुन्हा घेतला. मान थोडी कलली. सारिकानं ओळखलं, कारण प्रत्येक पायरी तिची होती, तिनं शिकवलेली. आधी श्वास. मग मान. मग सासूला बाहेर बसवणं. मग वाट बघणं, वाक्य आपण होऊन येईपर्यंत. प्रेरणानं चांगल्या हातानं अंबाडा सोडला. केस पाठीवर आले. तिनं डोळे उघडले आणि कैलासकडे थेट, खालपासून वरपर्यंत बघितलं.

"अवं," ती म्हणाली.

कैलासचा हात सुटला.

थोरल्या दिराला धाकट्या भावाची बायको असं कधी म्हणत नाही. जीभ जळाली तरी म्हणत नाही. त्या घरात कैलासला 'अवं' म्हणणारी एकच होती.

"अवं, माझी चप्पल द्या की. खाली दगडं लय टोचत्यात. येक पायात व्हती, येक तुमच्या हातात ऱ्हायली. कुटं टाकलीत?"

ओट्यावरचं सूप नंदाबाईच्या पायाला लागून पालथं झालं. ती दारात आली आणि उंबऱ्याशीच आडवी पडली. "रुपे, चुकलं गं आमचं. रुपे, माफ कर."

चप्पल प्रेरणाला माहीत होती की त्याच घडीला सुचली, हे सारिकाला कळायला काही मार्ग नव्हता. तिच्या नियमातही ते विचारणं बसत नव्हतं. प्रेरणा चुलीजवळ खाली बसली, गुडघ्यावर डोकं टेकलं आणि झुलू लागली.

कैलासनं भिंत धरली. मग, बुडणारा काठ धरतो तसा, सारिकाकडे वळला.

"ताई, तुमी सांगा. शिकलेल्या हाये तुमी. हे बी रचलेलंच ना? तिनंच रचलं ना हे?"

नंदाबाईनं मान वर केली. ती पण सारिकाकडे बघत होती.

इतकं चांगलं काम सारिकानं कुठल्या सेटवर पाहिलं नव्हतं, तिच्या वर्गात तर नाहीच. एक शब्द, 'अवं', आणि त्या शब्दावर अख्खा प्रसंग उभा. ज्या बाईनं तो उभा केला ती झुलत होती, आणि झुलता झुलता कान देऊन ऐकत होती. सारिकाला तिच्या मानेवरून ते कळत होतं.

"नाही," सारिका म्हणाली. "हे रचलेलं नाही."

"त्या दिशी तर म्हनलात..."

"त्या दिवशी मी भ्याले होते. मला वाटलं, असं काही नसतं. आज डोळ्यांनी बघितलं. असं रचता येत नाही कोणाला. हिला तर नाहीच नाही."

झुलणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"बाई," नंदाबाई रांगत पुढे आली, "येवढंच सांगा. किती दिस ऱ्हानार ती हिच्यात?"

सारिकाला दिसत होतं की जे बोलेल ते या घरात कायद्यासारखं राहील, आणि तो निभावावा लागेल चुलीपाशी बसलेल्या बाईला, मोडक्या हातानं, रोज, विसर न पडता.

"स्वरा मोठी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत," ती म्हणाली. "तोवर हिला हात लावायचा नाही. पोरीलाही नाही."

"आन् कुनी लावला तर?"

सारिकानं कैलासकडे बघितलं. "तर चपलेचं ती गावापुढे विचारेल."

कैलास बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला नाही. तो अंगणात उभा असावा.

नंदाबाईनं देवळीतून कुंकवाचा करंडा आणला आणि प्रेरणाच्या कपाळाला मळवट भरला. मग तिच्या पायावर डोकं ठेवलं. प्रेरणाचे डोळे मिटलेले होते. सुजलेल्या डोळ्यातून पाणी आलं आणि कुंकवातून ओघळत हनुवटीपर्यंत गेलं. सारिका तिच्याकडे जायला निघाली, पण नंदाबाई मधे बसली होती. पदरानं ते तोंड पुसत होती, वर्षानुवर्षांत कधी नव्हतं इतक्या मायेनं.

"रडू नगं, रुपे," ती म्हणत होती. "आता हितंच ऱ्हा."